पाऊस पडला, एसडब्ल्यूआर चढला: तार कापण्याआधी काय काय तपासायचं

जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला की दोन दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. फोन असतो हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, आणि विषय एसडब्ल्यूआर: अँटेनाकडे पाठवलेल्या पॉवरपैकी किती परत फिरतो त्याचं माप. एक म्हणजे उत्तम, चढला की वाईट. पलीकडून तीच रड: "काका, चाळीस मीटर बँडवर परवा दीड होता, आज साडेतीन दाखवतोय. अँटेनाची तार किती कापू?"

कापू नका.

नाशिकच्या गंगापूर रोडच्या बंगल्यांपासून सिडकोतल्या घरांपर्यंत आणि दिंडोरी-निफाडच्या मळ्यांपर्यंत अशा तक्रारींपायी बऱ्याच गच्च्या चढून झाल्या. तारेची लांबी खरोखर चुकलेली होती, अशी उदाहरणं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळा घोळ रिग (रेडिओ संच) आणि तार यांच्या मधल्या भागात सापडतो: कनेक्टर, कोॲक्स (मध्ये तार, भोवती जाळी अशी गोल केबल), बालुन (केबल आणि अँटेना जुळवणारा डबा), लॅडर लाइन (शिडीसारखी दोन समांतर तारांची लाइन). तरी माणूस पहिल्यांदा कात्री हातात घेतो, कारण तार समोर दिसते आणि ती कापायला पैसे पडत नाहीत. पावसात कापलेली तार मग ऑक्टोबरच्या उन्हात आखूड पडते आणि जोडकाम सुरू होतं.

हे सगळं तारेच्या मल्टीबँड (एकच तार अनेक बँडवर) अँटेनांबद्दल आहे: मधोमध फीड केलेला, म्हणजे तिथे केबल किंवा लाइन जोडलेला, दोन पायांचा डब्लेट, लुई वार्नींनी 1946 साली मांडलेली जी5आरव्ही, एका बाजूला सरकवून फीड केलेला ओसीएफ डायपोल आणि टोकाकडून फीड होणारी हाफवेव्ह (अर्ध्या वेव्हलेंग्थची तार). एका बँडच्या साध्या डायपोललाही निम्मं लागू पडेल.

लक्षणं

पाऊस किंवा दव पडलं की एसडब्ल्यूआर बदलतो, ऊन लागलं की पूर्ववत होतो. हे सगळ्यात नेहमीचं. निफाडकडच्या मंडळींना डिसेंबर-जानेवारीतही हाच अनुभव येतो, कारण तिथली थंडी आणि पहाटेचं दव काही विचारू नका.

ऑटो ट्यूनर (रिगला अँटेना जुळवून देणारा डबा) एखाद्याच बँडवर टकटक टकटक करत राहतो आणि शेवटी हात टेकतो. शेजारच्या बँडवर मात्र दोन सेकंदांत बसतो.

बोलायला सुरुवात केली तेव्हा एसडब्ल्यूआर छान असतो, अर्ध्या मिनिटात चढत जातो, थोडं थांबलं की परत छान.

माइक ओठांना चावतो, माउस अडकतो, रिगला हात लावला की मीटरचा काटा हलतो.

आणि ज्याची कोणी तक्रारच करत नाही ते लक्षण: एसडब्ल्यूआर सगळ्या बँडवर सुंदर, पण हाकेला ओ देणारं कोणी नाही. माझ्या मते हे सगळ्यात वाईट. चढलेला एसडब्ल्यूआर निदान ओरडून सांगतो. असा गोड दिसणारा एसडब्ल्यूआर वर्ष वर्ष फसवतो.

पुढच्या सगळ्या तपासण्यांमागे एकच गोष्ट आहे. शॅकमधला (रिग ठेवतो त्या खोलीतला) मीटर अँटेनाचा एसडब्ल्यूआर दाखवतच नाही. तो दाखवतो केबलच्या खालच्या टोकाचा. वर काय आहे आणि खाली काय दिसतंय यांच्यामध्ये पंचवीस-तीस मीटर केबल बसलेली असते आणि ती स्वतःची भर घालत असते.

1. डमी लोड (फुकट, पाच मिनिटं)

रिगच्या मागची केबल काढा, 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) लावा, प्रत्येक बँडवर पाच-दहा वॉटवर बघा. एक, फार तर 1.1 दिसायला हवा. मग रिग आणि मीटरमधली, मीटर आणि ट्यूनरमधली छोटी जोडकेबल एकेक करून मध्ये घ्या आणि प्रत्येक वेळी ती जरा हलवून बघा.

हे आधी का? कारण इथेच दोष निघाला तर गच्चीवर जायचं कारणच उरत नाही. अर्धा मीटरची जोडकेबल वर्षातून पन्नास वेळा काढली-घातली जाते, तेव्हा पहिली तीच मरते. ट्यूनर यावेळी बायपासवर ठेवा. ट्यूनर मध्ये असताना घेतलेलं कुठलंही माप ट्यूनरचंच कौतुक असतं.

डमी लोडवरही एसडब्ल्यूआर वर असेल तर पुढचं वाचू नका. दोष रिगमध्ये किंवा मीटरमध्ये आहे.

2. गच्चीवरून नुसतं बघणं

दुर्बीण असेल तर उत्तमच. तार जास्त लोंबतेय का? संक्रांतीनंतर मांजा अडकलाय का? नायलॉन मांजा तारेला वेढे घालून बसतो, वाऱ्याने ओढत राहतो आणि इन्सुलेटरजवळचा जोड हळूहळू सैल करतो. आंब्याची फांदी टोकाला टेकलीय का? हाफवेव्ह तारेच्या टोकाला व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं. कोरडं पान टेकलं तर फारसं बिघडत नाही, ओली फांदी टेकली की मीटर हलतो.

आणखी एक बघा: गेल्या वेळेपासून आजूबाजूला नवीन काय आलं? शेजाऱ्यांची पत्र्याची शेड, गच्चीवरच्या सोलर पॅनलचा लोखंडी सांगाडा, नवीन रेलिंग. दिंडोरीच्या एका बागायतदार मित्राकडे द्राक्षाच्या मंडपाची तार अँटेनाच्या एका पायाला समांतर, जेमतेम दोन मीटर खाली होती. मंडप नवीन उभारला त्या हंगामात सगळे आकडे सरकले. तिथे केबल बदलून काय होणार? फीडलाइनकडचं टोक तसंच ठेवून तो पाय मंडपापासून तिरका वळवला, काम झालं.

3. कनेक्टर आणि पाणी

पावसाळी तक्रारींत पैज लावायची झाली तर मी इथे लावतो.

सातपूरच्या एका गच्चीवर बालुनखालचा पीएल-259 कनेक्टर उघडला तेव्हा त्यातून चहाचा अर्धा चमचा भरेल इतकं पाणी हातावर सांडलं. बाहेरून टेप झकास गुंडाळलेली. फक्त वरून खाली. प्रत्येक वेढ्याची कड आभाळाकडे उघडी, म्हणजे पाण्याला आमंत्रणच. आत केबलची जाळी काळी पडलेली. एक वीत सोलली, काळी. अर्धा मीटर सोलली, तरी काळी. कोॲक्सची जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते, आणि एकदा ते आत शिरलं की उन्हाने बाहेर येत नाही. काळ्या जाळीला सोल्डर धरत नाही, म्हणून तेवढी केबल कापून टाकायचीच.

टेप कशी लावायची, तर आपल्याकडे कौलं घालतात तशी: खालून वर, प्रत्येक वरचा थर खालच्यावर चढलेला. आधी ताणून लावायची स्वतःलाच चिकटणारी रबर टेप, तिच्यावर साधी पीव्हीसी टेप. कनेक्टरच्या खाली केबलला एक झोल द्या म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी ठिबकेल, भिंतीतून घरात येणार नाही. इपॉक्सी पुट्टी थापू नका. पुढच्या वर्षी कनेक्टर उघडायचा असतो.

मल्टीमीटरने बघताना एक घोटाळा हमखास होतो. दोन्ही टोकं सुटी करून मधली तार आणि जाळी यांच्यात मोजलं तर केबल उघडी दिसली पाहिजे. पण वर 4:1 बालुन किंवा (टोकाच्या फीडचा) 49:1 ट्रान्सफॉर्मर जोडलेला असेल तर मल्टीमीटर बहुधा शॉर्ट दाखवेल, कारण त्यांची वायंडिंग डीसीला सरळ रस्ता देतात. सिडकोतल्या एका पोराने हे बघून चांगली केबल भंगारात घातली होती.

4. केबल किती खातेय?

त्या "सुंदर" एसडब्ल्यूआरचं बिंग इथे फुटतं. कनेक्टर सुटा करायला वर जावंच लागतं, म्हणून चौथ्या क्रमांकावर. खर्च मात्र काही नाही.

केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवा आणि उघडं ठेवा. खालून नॅनोव्हीएनएने (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र, आधी ओपन, शॉर्ट, लोड करून कॅलिब्रेट केलेलं) 28 मेगाहर्ट्झला रिटर्न लॉस, म्हणजे परत येणारी ऊर्जा किती डीबीने घटली ते, बघा. उघड्या टोकावरून सगळी ऊर्जा परत यायला हवी. जितकी कमी परत येते तितकी केबलने जाता-येता खाल्ली. म्हणून रिटर्न लॉस निम्मा केला की एका बाजूचा लॉस मिळतो. व्हीएनए नसेल तर ॲनलायझरवर एसडब्ल्यूआर बघा: वर काहीही जोडलेलं नसताना खाली एसडब्ल्यूआर 3 दिसला, तर केबल 3 डीबी खातेय. म्हणजे 100 वॉटपैकी 50 वॉट फक्त केबल गरम करायला. जवळजवळ 9 दिसला तर लॉस 1 डीबी, चालेल. ही चाचणी रिगचा पूर्ण पॉवर लावून करू नका.

धडधाकट आरजी-58 (बारीक कोॲक्स) सुद्धा 30 मीटर लांबीला 28 मेगाहर्ट्झवर अडीच डीबीच्या आसपास खाते. जाड आरजी-213 साधारण एक. मोजलेला आकडा याच्या कितीतरी वर असेल तर केबलने पाणी प्यायलंय.

आता मल्टीबँडचा मुद्दा. चाळीस मीटर बँडसाठी (7 मेगाहर्ट्झ) केलेला 20 मीटर लांब डायपोल वीस मीटर बँडवर (14 मेगाहर्ट्झ) पूर्ण वेव्हलेंग्थचा होतो आणि मध्यावर तीन-चार हजार ओहम दाखवतो. 4000 ओहम धरले तर 50 ओहमच्या कोॲक्सवर एसडब्ल्यूआर 80. पण 30 मीटर आरजी-58 च्या खाली मीटर दाखवतो फक्त 5 च्या आसपास! ट्यूनर तो हसत-हसत जुळवतो, रिग खूश. वर पोचतात जेमतेम सहा वॉट. बाकी 94 वॉट केबलमध्ये. समोरच्याच्या मीटरवर दोन एस-युनिट गेली, आणि आपण म्हणतो प्रोपगेशन खराब आहे.

म्हणूनच सगळे बँड एका तारेवर हवेत तर मधोमध फीडच्या डायपोलला थेट कोॲक्स लावायची नाही. तिथे 450 ओहमची लॅडर लाइन किंवा घरी केलेली ओपन वायर लागते. तिच्यावर एसडब्ल्यूआर 9 झाला तरी लॉस इतका कमी की तो विसरून जावा. ट्यूनर फक्त रिगला 50 ओहम दाखवतो. ट्यूनर ते अँटेना या तुकड्यातला एसडब्ल्यूआर जसाच्या तसा राहतो. हे वाक्य मी इतक्यांदा बोललोय की घरच्यांनाही पाठ झालंय.

आणि हो, टीव्हीची 75 ओहमची केबल वापरलीय म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. तिने फार तर दीड होईल. त्याने काही अडत नाही.

5. केबलच अँटेना झालीय का?

रिगला हात लावला की मीटर हलतो, तेव्हा कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या अंगाने करंट खाली येतोय, म्हणजे केबल अँटेनाचा तिसरा पाय झाली. ओळखायची सोपी युक्ती: खाली दोन मीटर केबल जास्तीची जोडा. निरोगी 50 ओहमच्या लाइनवर लांबी बदलल्याने एसडब्ल्यूआर फारसा बदलत नाही. 1.6 चा 2.8 झाला, तर चोर सापडला.

उपाय चोक, म्हणजे तो करंट अडवणारे केबलचे वेढे. 31 किंवा 43 मटेरिअलच्या 240 आकाराच्या फेराइट रिंगवर आरजी-58 चे दहा-बारा वेढे. रिंग मिळत नसेल तर चार-साडेचार इंची पीव्हीसी पाइपवर सहा मीटर कोॲक्सचे अठरा-वीस वेढे, एकाला एक चिकटून. तो वरच्या बँडवर बरा, चाळीसवर ठीकठाक, ऐंशीवर माफक.

डायपोल आणि ओसीएफमध्ये चोक फीडपॉइंटशीच हवा. टोकाच्या फीडला मात्र घाई करू नका. तिथे बऱ्याचदा केबलची जाळीच काउंटरपॉइज (अँटेनाचा दुसरा पाय) म्हणून काम करत असते. ट्रान्सफॉर्मरशी चोक लावून तिला तोडलं तर एसडब्ल्यूआर आणखी बिघडतो. चोक खाली, घरात शिरताना लावा. ट्रान्सफॉर्मरशीच हवा असेल तर चाळीससाठी दोनेक मीटरची काउंटरपॉइज तार वेगळी द्या.

6. बालुन आणि 49:1 चा डबा

बोलता बोलता एसडब्ल्यूआर चढतो ना, तिथे बहुधा हाच. फेराइट तापला की त्याचे गुण बदलतात. एसएसबीवर (बोलण्याच्या मोडवर) कळत नाही, कारण आवाज येत-जात असतो. एफटी8 या डिजिटल मोडवर पंधरा सेकंदांच्या फेरीत जवळजवळ तेरा सेकंद सलग पॉवर जातो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला काटा वर सरकायला लागतो. प्रसारण पूर्ण बंद करा, डब्याला हात लावा. कोमट ठीक. चटका बसला तर रिंग लहान पडतेय: दोन रिंगा एकावर एक घ्या किंवा पॉवर कमी करा.

डबा तपासायला पाच-दहा रुपयांचे रेझिस्टर पुरतात. 49:1 च्या बाहेर 2.2 किलोओहम आणि 220 ओहम सिरीजमध्ये लावा, 2420 होतात. 4:1 च्या बाहेर 100-100 चे दोन. कार्बनचे घ्या, वायरवाउंड नको, आणि व्हीएनएनेच बघा; रिग जोडलात तर रेझिस्टरचा धूर होईल. सगळ्या बँडवर दोनच्या आत हवा. फक्त 28 वर बिघडत असेल तर प्रायमरीवरचा 100 पीएफचा कपॅसिटर बघा. तो उडालेला असतो किंवा कोणीतरी कमी व्होल्टेजचा बसवलेला असतो.

7. लॅडर लाइन: तिची लांबीही अँटेनाचाच भाग

ऑटो ट्यूनर एकाच बँडवर हात टेकतो त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथे आहे. ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण यात काही मोडलेलं नसतं.

लाइन तिच्या टोकाचा इम्पिडन्स (ओहममध्ये मोजतो तो विरोध) दर अर्ध्या वेव्हलेंग्थला जसाच्या तसा परत दाखवते आणि पाव वेव्हलेंग्थला उलटा करून दाखवते: लाइनच्या इम्पिडन्सचा वर्ग भागिले वरचा इम्पिडन्स. 450 ओहमच्या लाइनवर वर 60 असेल तर पाव वेव्हलेंग्थनंतर खाली 3375.

आता गंगापूर रोडच्या एका घराची गोष्ट. 20 मीटरचा डब्लेट, दोन मजले खाली शॅक, लाइन बरोबर 9.6 मीटर. विंडो टाइप लाइनचा व्हेलॉसिटी फॅक्टर (लाइनमधला वेग प्रकाशाच्या वेगाच्या किती पट) 0.91 धरला तर 9.6 मीटर म्हणजे 7.1 मेगाहर्ट्झला बरोबर पाव वेव्हलेंग्थ. वरचे 60 ओहम खाली तीन हजारांवर. चौदावर तीच लाइन अर्धी वेव्हलेंग्थ: वरचे चार हजार खाली चार हजारच. एकवीसवर पाऊण वेव्हलेंग्थ: वर शंभर, खाली दोन हजार. अठ्ठावीसवर पुन्हा पूर्ण. चारही बँडवर लाइनने वेचून वेचून सगळ्यात वाईट आकडा खाली आणून ठेवला होता! त्या बिचाऱ्याने दोन ट्यूनर बदलले. दुसऱ्याच्या कपॅसिटरमध्ये ठिणगी पडत होती, आणि पडणारच: 100 वॉट 4000 ओहममध्ये म्हणजे 632 व्होल्ट, शिखराला 900 च्या जवळ.

आम्ही तिसरा ट्यूनर घेतला नाही. 2.4 मीटर लाइन जोडली, एकूण 12 मीटर केली. कागदावर हिशेब केला तर चौदावर सुमारे 100 ओहम आणि 440 कपॅसिटिव्ह, एकवीसवर 120 आणि 195, अठ्ठावीसवर पन्नाशीच्या आसपास, सातवर जरा जड पण ट्यूनरच्या आवाक्यातलं. चारही बँड बसले. जास्तीची लाइन मात्र भेंडोळं करून ठेवायची नाही. गच्चीच्या कठड्यावर प्लास्टिकच्या खुंट्यांवरून नागमोडी नेली.

तुमच्याकडे आकडे वेगळे असतील. पद्धत तीच: दोन-अडीच मीटरचा तुकडा बनाना प्लगने आत-बाहेर करून बघा, कुठला बँड सुटतो आणि कुठला अडतो ते वहीत लिहा. रिगमधला ऑटो ट्यूनर साधारण तीनच्या एसडब्ल्यूआरपर्यंतचाच असतो, तेव्हा त्याच्याकडून डब्लेटची अपेक्षा ठेवू नये. हाताने फिरवायच्या टी-नेटवर्क ट्यूनरवर कपॅसिटर जितके जास्त आणि कॉइल जितकी कमी ठेवून जुळेल तितकं त्याच्या आत कमी जळतं.

पावसाची गंमतही इथेच. विंडो लाइनच्या दोन तारांमध्ये प्लास्टिकची पट्टी असते. ती ओली झाली की तारांमधलं कपॅसिटन्स वाढतं, लाइन विजेच्या हिशेबाने "लांब" होते आणि इम्पिडन्स उतरतो. वर खाली काही तुटलेलं नसतं. ट्यूनर पुन्हा जुळवायचा, एवढंच. कोरडी सेटिंग एका रंगाने आणि ओली दुसऱ्या रंगाने ट्यूनरवर टिपून ठेवा. याचा कंटाळा आला तर घरी ओपन वायर करा: 2 मिलिमीटर जाडीच्या दोन तारा 15 सेंटीमीटर अंतरावर म्हणजे 600 ओहम, 10 सेंटीमीटरवर 550. मधल्या काड्यांना आपल्याकडे हजारो एकरांवर पसरलेला माल आहे: ठिबकची काळी 16 मिलिमीटर नळी. उन्हात टिकते, हलकी आहे, आणि कुठल्याही बागायतदाराकडे जुनी गुंडाळी मिळते. दर अर्ध्या मीटरला एक तुकडा पुरे. जुनी नळी आधी धुऊन घ्या. दिंडोरीच्या त्याच मित्राच्या काड्यांवर बोर्डो मिश्रणाचा निळसर थर होता. कोरड्यात काही नाही, दव पडलं की गळती.

लॅडर लाइन खिडकीच्या लोखंडी ग्रिलमधून, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला खेटून किंवा स्लॅबवर लोळवून नेलेली असेल तर वरचा सगळा हिशेब फोल. धातूपासून निदान दोन तारांमधल्या अंतराच्या काही पट लांब ठेवा, आणि वाऱ्यात फडफडू नये म्हणून मीटरभराला एक पीळ द्या.

8. आता तार

इथवर सगळं ठीक निघालं तरच. घरगुती वायरिंगची मऊ तांब्याची तार ताणावर लांबते. 20.1 मीटरची तार दोन टक्के लांबली तर 40 सेंटीमीटर वाढली, आणि 7.1 मेगाहर्ट्झवरचा रेझोनन्स (तार नेमकी जुळते ती जागा) 6.96 वर, बँडच्या बाहेर, गेला. अशा वेळीसुद्धा कापण्याआधी टोक मागे दुमडून तारेवरच वळवा आणि बघा. कोरड्या दिवशी. पुढे सात-आठ दिवस तसंच ठेवा.

इथे थांबा

तार किंवा दोरी महावितरणच्या लाइनवर पडली असेल, किंवा पडू शकेल इतकी जवळ असेल, तर हात लावू नका, काठीने ओढू नका. 1912 वर फोन करा आणि सगळ्यांना लांब ठेवा. अशा जागेवर अँटेना परत टांगूही नका.

प्रसारण बंद असतानाही रिगच्या डब्याला हात लावून मुंग्या येत असतील तर तो आरएफ (अँटेनाचा रेडिओ करंट) नव्हे, घराच्या अर्थिंगचा दोष आहे. इलेक्ट्रिशियन बोलवा, तोवर प्लग काढून ठेवा. गच्चीच्या कठड्याबाहेर झुकावं लागत असेल, पाण्याच्या टाकीच्या वर खांब चढायचा असेल, तर उंचीवर काम करणारा माणूस आणि त्याचा पट्टा हवा; ओल्या शेवाळावर हौस नको. व्हॉल्व्हच्या लिनिअरचं (पॉवर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचं) झाकण उघडायचं नाही: आत दोन-तीन हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये उरतात. डमी लोडवरच एसडब्ल्यूआर वाईट असेल तर रिग दुरुस्तीला. ढग गडगडत असतील तर केबल रिगपासून सोडवून बाहेर ठेवा आणि त्या दिवसापुरती तपासणी बंद.

मला किंवा दुसऱ्या कोणा जुन्या हॅमला फोन करायचाच असेल तर आधी हे लिहून ठेवा: डमी लोडवरचे आकडे, प्रत्येक बँडवर ट्यूनर बायपास करून दिसणारा एसडब्ल्यूआर, कोरड्या आणि ओल्या दिवसाचा वेगवेगळा, वरचं टोक उघडं ठेवून 28 ला मिळालेला आकडा, कोॲक्स कुठली आणि किती मीटर, लॅडर लाइन असेल तर तिची लांबी सेंटीमीटरपर्यंत. एवढं हातात असलं तर बहुतेक वेळा मला गच्चीवर यावं लागत नाही.